टपालाची गाडी, १:१६० मापात

मॉडेल रेल्वेच्या छंदात पडलेला नवा माणूस पहिली गाडी घेतो ती बहुतेक वेळा लांबलचक, चकचकीत प्रवासी गाडी. मीही तेच केलं होतं. अमेरिकन रूपेरी डब्यांचा एन स्केलमधला, म्हणजे खऱ्याच्या १:१६० मापातला, संच घेतला, दिवाणावर प्लायवूड टाकून रूळ जोडले आणि गाडी पहिल्याच वळणावर उतरली. दोन उलट दिशांची वळणं मी एकमेकांना चिकटून जोडली होती. ८५ फुटी डबा एन स्केलमध्ये १६२ मिलिमीटर भरतो. अशा वळणावर एका डब्याचं टोक डावीकडे जातं, मागच्याचं उजवीकडे, आणि मधला कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, दोघांनाही रुळावरून खेचून काढतो. गाडी उतरली नाही तरी डब्यांची पोटं रुळाबाहेर इतकी लोंबतात की बघवत नाही.

मग मी टपालगाडीकडे वळलो, आणि आता कोणी नवीन विचारायला आला की त्याला सरळ सांगतो: खोली लहान असेल तर पहिली गाडी टपालाचीच करा. १९५० च्या दशकातली अमेरिकन मेल अँड एक्स्प्रेस, म्हणजे टपाल आणि पार्सलांची गाडी. तिचे डबे ४०, ५०, ६०, ७० फुटांचे, म्हणजे लहान वळणावरही शोभणारे. आत खुर्च्या नाहीत, दिवे नाहीत, माणसांची गर्दी दाखवायची नाही. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या उंचीचे डबे एकाच गाडीत लागलेले खऱ्या रुळांवरही रोज दिसत. महिन्याला एक डबा घेत गेलात तरी गाडी अर्धवट वाटत नाही.

माझं मन तिकडे ओढलं जायला आणखी एक कारण आहे. माझे वडील आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. रात्रभर चालत्या गाडीत उभं राहून पिजनहोलमध्ये, म्हणजे गावागावांच्या खणांत, पत्रं टाकायची, थैलीचं तोंड बांधायचं, लाखेचं सील करायचं आणि पुढच्या स्टेशनावर थैली उतरवायची. अमेरिकेत हेच काम करणाऱ्या डब्याला रेल्वे पोस्ट ऑफिस म्हणत, थोडक्यात आरपीओ. तिथली पहिली अधिकृत आरपीओ सेवा २८ ऑगस्ट १८६४ रोजी शिकागो ते आयोवातलं क्लिंटन या मार्गावर सुरू झाली आणि शेवटची ३० जून १९७७ च्या रात्री न्यूयॉर्क–वॉशिंग्टन मार्गावर धावली. मधल्या काळात त्या देशाचं बरंचसं टपाल रुळांवरच वर्गीकृत झालं. तिथल्या कारकुनांना आपल्या मार्गावरच्या हजारो टपालघरांची जागा तोंडपाठ लागे, परीक्षेत ९७ टक्के गुण मिळवावे लागत आणि रजिस्टर टपालाच्या रक्षणासाठी कमरेला सरकारी रिव्हॉल्व्हर असे.

आधी साल ठरवा

खरेदीच्या आधी एक साल ठरवा आणि ते कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. १९४५ पूर्वीची गाडी करायची असेल तर बहुधा वाफेचं इंजिन लागेल. १९५८ नंतरची असेल तर न्यूयॉर्क सेंट्रलच्या गाड्यांत फ्लेक्सी-व्हॅन, म्हणजे सपाट वाघिणीवर ठेवलेले टपालाचे ट्रेलर, दिसायला लागतात. सप्टेंबर १९६७ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने बहुतेक आरपीओंचे करार एकदम रद्द केले. टपालाच्या पैशावर तग धरून असलेल्या कित्येक प्रवासी गाड्याही मग बंद पडल्या. त्यामुळे १९६८ च्या गाडीत आरपीओ लावायचा म्हटलं तर फार थोडे मार्ग हाताशी उरतात.

मी १९५५ धरतो आणि नव्या माणसालाही तेच सुचवतो. डिझेल इंजिनं आलेली आहेत, ती एन स्केलमध्ये उत्तम मिळतात. जुने लोखंडी जड डबे अजून धावताहेत. युद्धातून सुटलेले लष्करी डबे एक्स्प्रेस मालासाठी बदलून वापरात आलेत. सगळं एकत्र दिसण्याचा तो काळ आहे. रेल्वे कंपनी म्हणून सान्ता फे घ्या. तिच्या ७ आणि ८ नंबरच्या फास्ट मेल गाड्या शिकागो ते लॉस एंजेलिस धावत आणि त्यांत जवळजवळ सगळे डबे टपाल-पार्सलांचे असत. ग्रेट नॉर्दर्नच्या २७ आणि २८ नंबरच्या सेंट पॉल–सिएटल गाड्याही तितक्याच सुंदर. खरं तर नुसत्या टपालाची जलद गाडी त्याहून खूप जुनी आहे. १६ सप्टेंबर १८७५ रोजी न्यूयॉर्कहून शिकागोला निघालेल्या फास्ट मेलचे डबे पांढरे रंगवलेले होते. पण ते सगळं लाकडी डब्यांचं मॉडेल आहे, पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

डबे ओळखायला शिका

यात घाई करू नका, कारण डबा कोणतं काम करतो हे एकदा कळलं की त्याची गाडीतली जागा, रंग, मळ, सगळं आपोआप ठरतं.

इंजिनाच्या मागे आणि प्रवासी डब्यांच्या पुढे लागणाऱ्या या साऱ्या डब्यांना तिकडे 'हेड-एंड' म्हणतात. त्यातला राजा आरपीओ. पूर्ण आरपीओच्या आत ६० फूट लांबीचं टपालघर असे. कमी टपालाच्या मार्गावर ३० किंवा १५ फुटांचा भाग टपालाला आणि उरलेला डबा सामानाला. ओळखायची खूण म्हणजे उंचावर असलेल्या लहान खिडक्या, बाजूला 'युनायटेड स्टेट्स मेल – रेल्वे पोस्ट ऑफिस' ही अक्षरं आणि दारात आडवा बसवलेला, थैली पकडायचा लोखंडी हात. बाजूच्या पत्र्यात पत्र टाकायची फटही असे. गाडी फलाटावर उभी असताना कोणीही येऊन तिथे पत्र टाकू शके आणि त्यावर त्या मार्गाचा, त्या गाडीचा शिक्का पडे. या डब्यात प्रवाशाला तर सोडाच, रेल्वेच्या नोकरालाही कामाशिवाय पाऊल ठेवता येत नसे. डबा रेल्वेचा, पण आतलं राज्य टपाल खात्याचं.

आरपीओच्या शेजारी साठवणीचा डबा असतो. दिसायला तो साधा बॅगेज डबाच, पण आत सीलबंद थैल्यांची रास. एका प्रवासात आरपीओमध्ये सगळं टपाल फोडून लावणं शक्य नसे. पुढच्या मोठ्या शहरासाठीच्या थैल्या न उघडता अशा डब्यांत जात. फास्ट मेलमध्ये असे साठवणीचे डबेच संख्येने जास्त असतात, हे लक्षात ठेवा. नवीन माणूस हौसेने तीन आरपीओ आणि एक बॅगेज डबा घेतो आणि गाडी खोटी दिसते.

मग एक्स्प्रेसचे डबे. इथे एक्स्प्रेस म्हणजे वेगवान गाडी नव्हे. आपल्याकडचं पार्सल आणि कुरिअर मिळून जे होईल ते. १९२९ पासून हे काम रेल्वे एक्स्प्रेस एजन्सी ही कंपनी देशभर करत होती, आणि तिचे हिरवे डबे, हिरव्या मोटारी, हिरव्या हातगाड्या प्रत्येक स्टेशनावर असत. काही बॅगेज डब्यांच्या बाजूला एक छोटा तारा रंगवलेला दिसेल. त्या डब्यात एजन्सीचा माणूस सोबत प्रवास करू शकतो, म्हणजे आत उजेड, ऊब आणि संडासाची सोय आहे, असा त्याचा अर्थ. १:१६० मध्ये तो तारा टाचणीच्या डोक्याएवढा होतो, पण जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

एक्स्प्रेसमध्ये दोन मजेदार जाती आहेत. एक बर्फाचे डबे, ज्यांतून फळं, मासे, फुलं जलद गाडीने जात. दुसरी जात लष्करी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना झोपायला पुलमन-स्टँडर्डने २,४०० डबे बांधले होते. युद्ध संपल्यावर त्यांतले बरेच रेल्वे कंपन्यांनी विकत घेतले, खिडक्या बंद केल्या आणि पार्सलांना लावले. खोक्यासारखा आकार, पण खाली जलद धावणाऱ्या बोग्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा). माझ्या गाडीतला सगळ्यात लाडका डबा हाच आहे.

साधी मालगाडीची वाघीण मात्र जशीच्या तशी इथे लावू नका. तिकडचे प्रवासी डबे इंजिनातल्या वाफेने गरम होत. वाफेची नळी इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सलग लागे. मध्ये नळी नसलेली वाघीण आली की मागचे टपाल कारकून जानेवारीतल्या कॅन्ससमध्ये गारठून जातील. म्हणून अशा कामाच्या वाघिणींना वाफेची नळी, सिग्नलची हवानळी आणि जलद बोग्या बसवलेल्या असत आणि रंगही बहुधा प्रवासी डब्यांचा असे. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने आपल्या एक्स-२९ जातीच्या काही वाघिणींना अशीच बढती दिली होती.

शेवटी रायडर कोच. गार्ड आणि त्याचे सहकारी कुठे बसणार? त्यांच्यासाठी शेपटाला एक जुना प्रवासी डबा. क्वचित एखादा प्रवासीही त्यात बसे. त्याच्या मागच्या टोकाला दोन लाल दिवे.

अमेरिकन कॅटलॉग वाचताना एक शब्द सांभाळा. तिथे 'ट्रक' म्हणजे चाकांची बोगी. आपण डब्यालाच बोगी म्हणतो, त्यामुळे सुरुवातीला मागवताना हमखास गोंधळ होतो.

कागदावरची गाडी

आता एक पान घ्या आणि गाडी लिहून काढा. माझी पहिली अशी होती: दोन एफ-७ डिझेल इंजिनं, एक डोकं (चालकाची केबिन) असलेलं आणि एक बिनडोक्याचं, मागे बर्फाचा डबा, लष्करी जातीचा एक्स्प्रेस डबा, साठवणीचा बॅगेज डबा, आरपीओ, आणखी एक साठवणीचा, तारा असलेला एक्स्प्रेस डबा, दुसऱ्या कंपनीचा एक पाहुणा बॅगेज डबा, आणि रायडर कोच. एकूण आठ डबे.

लांबी मोजा. एन स्केलमध्ये ७० फूट म्हणजे १३३ मिलिमीटर, ६० फूट म्हणजे ११४, ५० फूट म्हणजे ९५. एफ-७ इंजिन साधारण ९७. सगळं मिळून मधल्या फटींसकट सव्वा मीटरच्या आसपास भरतं. काटो कंपनीच्या युनिट्रॅक या तयार रुळांचा सरळ तुकडा २४८ मिलिमीटरचा असतो. असे पाच जोडले की अख्खी गाडी स्टेशनात मावते. वळणासाठी त्याच मालिकेतले २८२ आणि ३१५ मिलिमीटर त्रिज्येचे तुकडे मिळतात. त्यातले ३१५ चे घ्या. ७ फूट बाय अडीच फुटांचा प्लायवूड पुरतो. आणि उलट दिशांची वळणं जोडावीच लागली, तर मध्ये तुमच्या सर्वांत लांब डब्याएवढा सरळ तुकडा टाका.

डब्यांचा क्रम उगाच ठरवू नका. वाटेत जो डबा काढून ठेवायचा तो इंजिनाच्या लगेच मागे, म्हणजे इंजिन त्याला घेऊन सायडिंगला जाईल आणि बाकी गाडी जागची हलणार नाही. माझा बर्फाचा डबा त्यासाठीच पहिला आहे. आरपीओच्या दोन्ही अंगांना साठवण, कारण कारकुनाला थैल्या तिथूनच ओढायच्या असतात.

खरेदी

एन स्केल म्हणजे १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. १९६२ मध्ये जर्मनीतल्या आर्नोल्डने हे माप बाजारात आणलं. एचओ त्याच्या जवळजवळ दुप्पट, १:८७. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, तिथे एकदा जाऊन एचओ डोळ्यांनी बघा. मग घरातली जागा आठवा आणि माप ठरवा.

इंजिनावर पैसे वाचवू नका, डब्यांवर वाचवा. काटोची एफ-७ सान्ता फेच्या लाल-रूपेरी रंगात मिळते आणि ती अगदी हळू वेगालाही अडखळत नाही. त्या जुन्या जड जातीच्या बॅगेज आणि मेल डब्यांसाठी मायक्रो-ट्रेन्स कंपनीचे बघा. जुन्या बाजारात, परदेशातल्या कोणाच्या संग्रहातून, रिव्हारोसी किंवा कॉन-कॉरचे डबे बरेच स्वस्तात येतात. त्यांची चाकं जाड कडांची आणि कपलर चौकोनी आकड्याचे असतात, पण ते बदलता येतात. बाहेरून मागवताना कस्टम ड्यूटी आणि पोस्टेज धरून हिशेब करा. दोघातिघांनी मिळून एकच पार्सल मागवलं तर ते परवडतं.

एक धोक्याची गोष्ट. अमेरिकेतून आलेला पॉवर पॅक, म्हणजे रुळांना वीज देणारी पेटी, १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या पॉइंटला लावला की जळतोच, आणि आगही लागू शकते. चांगल्या कंपनीचा १२ व्होल्ट डीसी अ‍ॅडॅप्टर आणि त्याला जोडायचा वेग-नियंत्रक इथेच घ्या.

वजन, चाकं, कपलर

नवीन माणसाच्या गाड्या उतरतात त्या बहुतेक वेळा हलक्या डब्यांमुळे. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने याचं सोपं सूत्र दिलंय. एन स्केलसाठी अर्धा औंस, अधिक डब्याच्या दर इंचाला ०.१५ औंस. आपल्या हिशेबात १४ ग्रॅम, अधिक दर इंचाला सव्वाचार ग्रॅम. ७० फुटी डबा सव्वापाच इंच, म्हणून साडेछत्तीस ग्रॅम. ५० फुटी डबा ३० ग्रॅम. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, तो घ्याच.

बॅगेज डब्याला आत काही दाखवायचं नसतं, त्यामुळे वजन लपवायला जागाच जागा. पितळी पट्टीचे तुकडे फरशीवर, दोन्ही बोग्यांच्या बरोबर मध्ये, चिकटवा. लोखंडी नट घालू नका. मायक्रो-ट्रेन्सचे कपलर रुळाखालच्या चुंबकाने सुटतात, आणि लोखंड असलेला डबा चुंबकावर आला की आपोआप सरकतो. शिसं वापरलं तर हात साबणाने धुवा आणि घरात लहान मूल असेल तर वापरूच नका.

सगळ्या डब्यांचे कपलर एकाच उंचीवर हवेत. त्यासाठी उंची मोजायचा गेज मिळतो. तो एका जागी रुळावर कायमचा ठेवा आणि नवा डबा त्याला लावून बघितल्याशिवाय गाडीत घेऊ नका. लहान वळणावर बोगीला बसवलेले कपलर जास्त सांभाळून घेतात, डब्याच्या अंगाला बसवलेले दिसायला चांगले. पहिल्या गाडीला बोगीवरचेच असू द्या.

नंतर एकेक डबा, एकटा, इंजिनामागे लावून दहा फेऱ्या. मग तोच डबा उलटा ढकलत दहा फेऱ्या. जो ढकलताना उतरत नाही तो ओढताना कधीच त्रास देत नाही. हे कंटाळवाणं काम आहे, तरी माझ्या अनुभवात पुढच्या निम्म्या कटकटी इथेच मिटतात.

पावसाळ्यात रूळ काळवंडतात. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पॉलिश पेपर लावू नका, त्याच्या ओरखड्यांत धूळ आणखी बसते.

रंग आणि मळ

या डब्यांचा हिरवा म्हणजे पुलमन ग्रीन. बाटलीतला नवा रंग फार काळा दिसतो. एन स्केलचा डबा आपण फूटभर अंतरावरून बघतो, म्हणजे खऱ्या मापात ४८ मीटरवरून. तेवढ्या अंतरावर हवेमुळे रंग फिका पडतो. म्हणून हिरव्यात थोडा राखाडी आणि चिमूटभर पिवळा मिसळा. कॅम्लिनच्या अ‍ॅक्रिलिक ट्यूबनेही हे जमतं. पातळ थर द्या, दोन थरांमध्ये तासभर जाऊ द्या. पाहुण्या डब्याला त्याच्या कंपनीचा रंग ठेवा. पेनसिल्व्हेनियाचा तपकिरी-लाल डबा सान्ता फेच्या हिरव्यांमध्ये उठून दिसतो आणि तो देश ओलांडून आलाय हे न सांगता कळतं.

अक्षरं पाण्यात भिजवून चिकटवायच्या डिकलने. मायक्रोस्केल नावाची कंपनी ती छापते. खालचा रंग चकचकीत असेल तर डिकल नीट बसते, म्हणून आधी ग्लॉस, मग डिकल, मग मॅट वॉर्निश. वॉर्निशचा स्प्रे जुलैच्या दमट दिवशी मारू नका. हवेतलं पाणी त्यात अडकतं आणि सगळ्या डब्यावर पांढरी बुरशी आल्यासारखी धूसर साय येते. माझा पूर्ण झालेला आरपीओ असा हातचा गेला होता. स्प्रेचं काम आता मी डिसेंबर ते मे याच दिवसांत करतो.

मळ कुठे बसेल हे कामावरून ठरतं. छपरावर इंजिनाचा धूर. खालच्या अंगाला ब्रेकच्या लोखंडाची तांबूस धूळ. दारांच्या खालच्या कडेला थैल्या आणि पेट्या घासून उडालेला रंग. आणि आरपीओच्या पकडीच्या दारामागचा पत्रा, जिथे थैली आपटते, तिथे ओरखडे. बाकी डबा स्वच्छ ठेवा. प्रवासी गाडीचे डबे मालगाडीसारखे गंजलेले नसत.

मेल क्रेन

मला या सगळ्यात सर्वांत प्रिय वस्तू १९ मिलिमीटर उंचीची आहे.

जिथे फास्ट मेल थांबत नसे अशा छोट्या गावात रुळाशेजारी एक खांब असे, त्याला दोन आडवे हात. गावचा माणूस गाडीच्या काही मिनिटं आधी येऊन त्या दोन हातांमध्ये टपालाची थैली ताणून लटकवी. थैलीच्या मध्यावर पट्टा आवळलेला, त्यामुळे ती डमरूसारखी दिसे. गाडी ताशी ६० मैलांनी आली की आरपीओच्या दारातला कारकून आधी त्या गावची थैली बाहेर ढकलायचा, आणि लगेच दांडा उचलून दारातला लोखंडी हात बाहेर काढायचा. हात बरोबर त्या आवळलेल्या कमरेवर बसे आणि थैली धाडकन आत. रात्रीच्या अंधारात हे करताना त्याला गाव दिसत नसे. एखादा पूल, वळण, रुळांचा बदललेला आवाज, यांवरून तो वेळ ओळखे. वडिलांना मी हे प्रथम सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आणि थैली हुकली तर त्याचं स्पष्टीकरण लिहावं लागत असेल." लागतच असे.

करायला सोपं आहे. ०.४ मिलिमीटरची पितळी तार १९ मिलिमीटर उभी, म्हणजे खऱ्या मापात सुमारे १० फूट. तळाला जाड पुठ्ठ्याची लहान चौकट. दोन आडवे हात ०.३ च्या तारेचे, ६ मिलिमीटर लांब. एक टोकाजवळ वर आणि दुसरा त्याच्या ६ मिलिमीटर खाली, म्हणजे थैली डब्याच्या दाराच्या उंचीला येते. सोल्डरिंग जमत नसेल तर सुपरग्लू चालेल. थैलीसाठी टिश्यू पेपरची बारीक गुंडाळी पातळ फेविकॉलमध्ये भिजवा, ६ मिलिमीटरवर कापा, मध्ये एक धागा आवळा, आणि वाळल्यावर मळकट खाकी रंग द्या.

आता महत्त्वाची खाचखोच. थैली निघून गेली की वरचा हात वर उडतो आणि खालचा खाली पडतो, म्हणजे रुळाच्या दिशेला काहीच आडवं राहत नाही. म्हणून क्रेन एकतर थैलीसकट, हात आडवे. नाहीतर रिकामी, हात मिटलेले. रिकामी क्रेन आडव्या हातांनी उभी असलेली मी बऱ्याच सुंदर मॉडेलांत पाहिली आहे. आणि जिथे तुमची गाडी थांबते त्या स्टेशनात क्रेन लावू नका. रुळांच्या वेढ्याच्या दुसऱ्या बाजूला एक लहानसं लाकडी टपालघर करा, दोन झाडं, एक उभी मोटार, आणि तिथे क्रेन. चिकटवण्यापूर्वी तुमचा सर्वांत लांब डबा हाताने ढकलून तो खांबाला घासत नाही ना, ते बघून घ्या.

आरपीओचा पकडहात ०.३ च्या तारेचा, दारात आडवा दांडा आणि त्याला बाहेर झुकलेला आकडा. दार उघडं ठेवणार असाल तर आत साडेअकरा मिलिमीटरचा एक माणूस उभा करा. सहा फुटी माणूस एन स्केलमध्ये तेवढाच होतो. आतल्या भिंतीला पिजनहोलचं चित्र छापून चिकटवलं तरी पुरतं. एक कोपरा रिकामा असेल तर तिथे थैल्यांवर झोपलेला कुत्रा बसवा. ओनी नावाचा एक भटका कुत्रा ऑल्बनीच्या टपालघरातून १८८८ च्या सुमारास टपालगाड्यांत फिरायला लागला आणि ठिकठिकाणच्या कारकुनांनी त्याच्या गळ्यात बिल्ले अडकवले. १८९७ मध्ये तो गेला. त्याचा पेंढा भरलेला देह आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयात आहे. १९५५ च्या गाडीत तो काळाशी जुळत नाही हे मला माहीत आहे, तरी माझ्या डब्यात तो आहे.

चालवताना

खरा वेग काढायला घड्याळ लावा. एन स्केलमध्ये गाडीने एक मीटर अंतर सहा सेकंदांत कापलं तर तो ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर. पाच सेकंदांत कापलं तर ७२ मैल. टपालगाडीला याहून जास्त पळवू नका. वेळेचा धाक किती खरा होता याची एक कथा प्रत्येक टपालगाडी करणाऱ्याला माहीत असावी. सदर्न रेल्वेची ९७ नंबरची फास्ट मेल २७ सप्टेंबर १९०३ रोजी उशिरा धावत होती, आणि उशिराबद्दल कंपनीला दंड भरावा लागे. वेळ भरून काढायच्या घाईत ती व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलजवळच्या वळणावरच्या लाकडी पुलावरून खाली गेली. ११ जण गेले.

स्टेशन करताना फलाट आपल्यासारखा उंच करू नका. तिकडे तो जवळजवळ रुळाच्या पातळीला असतो. म्हणूनच पार्सलांच्या चारचाकी हातगाड्यांची पाटी उंच असे, डब्याच्या दाराशी बरोबरीने लागायला. अशा दोन हातगाड्या, वर थैल्या आणि एखादी शवपेटी किंवा अंड्यांची खोकी, एवढ्याने फलाट जिवंत होतो.

मग खेळ असा लावा. गाडी स्टेशनात येते. आरपीओचं दार हातगाडीसमोर यायला हवं, म्हणून तिथे रुळाशेजारी एक बारीक खूण करून ठेवा आणि तिथेच थांबवायचा सराव करा. इंजिन बर्फाच्या डब्यासह सुटतं, पुढे जातं, सांधा बदलतो, डबा एक्स्प्रेस कचेरीच्या सायडिंगला ढकलला जातो, इंजिन परत येऊन गाडीला लागतं. घड्याळात चार मिनिटं. आरपीओ कुठेही हलवायचा नाही, आत माणसं उभी राहून काम करताहेत. पुढच्या फेरीला रुळांच्या वेढ्याच्या पलीकडे जाऊन क्रेनवरची थैली चिमट्याने काढून घ्या, हात मिटा आणि रायडर कोचचे दोन लाल दिवे वळणाआड जाईपर्यंत तिथेच थांबा.